बर्फाचा नमुना

लग्नात जेवून गेलेली माणसं महिनाभराने काविळीने पिवळी पडू लागली, तेव्हा ओमनाचेचीने, म्हणजे ओमनाताईने, आधी लग्नाच्या हॉलची विहीर गाठली. केरळातल्या आमच्या कुट्टनाडमध्ये आरोग्य निरीक्षक म्हणून तिचा दरारा मोठा. तिची जीप दिसली की हॉटेलवाले शिळं कालवण मागच्या दाराने फेकत. पण विहिरीचं पाणी स्वच्छ निघालं.

तिच्या हाताखाली नवी लागलेली जिन्सी तेव्हा आजाऱ्यांच्या ओट्यावर बसून कोरा चहा पीत होती.

"हिला तपासाला पाठवलंय की सोयरीक जुळवायला?" ओमना ड्रायव्हरला म्हणाली.

त्याच ओट्यावर एक म्हातारी जिन्सीला म्हणाली, "पोरी, घरात मी एकटीच धडधाकट. गार दातांना सोसत नाही, म्हणून ते स्वागताचं सरबत मी घेतलंच नाही."

जिन्सीने मग घरोघर तेच विचारलं. सरबत प्यालेलेच आजारी होते, आणि त्यातला बर्फ वर्गीसच्या कारखान्यातला होता, मासळी झाकायचा.

"माणसं बोलती करायला ही कला लागते," आरोग्य केंद्राचे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले. "ओमनाचेची, तुम्हीही शिका जरा!"

ओमना हसली. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. इतकी वर्षं गटारं हुंगली, पण 'ये, बस' असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. आणि ही कालची पोर!

दुसऱ्या दिवशी दोघी कारखान्यात गेल्या. जिन्सीने उत्साहाने बर्फाची लादी फोडली आणि तुकडा उघड्या हातानेच उचलून पिशवीत टाकू लागली. ओमनाने पाहिलं. असा नमुना प्रयोगशाळेत किंवा कोर्टात टिकणार नव्हता. 'पडू दे तोंडावर,' तिच्या मनात आलं, आणि तिला बरं वाटलं.

तेवढ्यात तिचं लक्ष वर्गीसकडे गेलं. तो मिशीत हसत होता. त्यालाही ते ठाऊक होतं. उद्या हाच बर्फ दुसऱ्या मांडवात जाणार.

"फेक तो!" ओमना खेकसली. "बर्फ राहील बाजूला, तुझ्याच हाताचे जंतू तपासून येतील. हातमोजे घाल. ती निर्जंतुक बाटली दे इकडे. आणि वर्गीस, तुम्ही इथेच थांबायचं, सील तुमच्यासमोर होणार."

वर्गीसचं हसू मावळलं.

अहवालात मैल्याचे जंतू निघाले आणि कारखान्याला टाळं लागलं. पेपरात फोटो मात्र जिन्सीचा आला.

"चेची, तुम्ही नसता तर माझी फजितीच होती," त्या दिवशी फेरीवरून जीपने परतताना जिन्सी म्हणाली. "मला नमुने घ्यायला नीट शिकवाल?"

"उद्या लवकर ये," ओमना तुटकपणे म्हणाली.

रस्त्यावरच्या घराघरांतून "जिन्सी, चहा घेऊन जा गं!" अशा हाका येत होत्या. जिन्सी हात हलवत होती. ओमनाने आपल्या बाजूची काच वर केली.