गुप्तहेराचा हिरवा कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे आणि माझा रंग बाटलीसारखा गर्द हिरवा आहे. रंगाचं आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या आयुष्यातलं सगळं रामायण त्याच्यापायीच घडलं.

मला एका आईनं शिवलं. ती घरातच शिवणकाम करायची. तिची एकुलती एक मुलगी सतत काहीतरी गुणगुणत असायची, म्हणून सगळे तिला भुंगी म्हणत. त्या काळी दर वर्षी पानगळ सुरू झाली, सुट्टी संपून शाळा उघडल्या आणि संध्याकाळी लवकर दिवे लागू लागले, की टीव्हीवर एका गुप्तहेराची मालिका परत यायची. भुंगीला त्याच्यासारखा लांब कोट हवा होता. हवा म्हणजे किती? तिनं रुसून पाहिलं, अभ्यास करून पाहिला, शेवटी न सांगता भांडीसुद्धा घासली. तेव्हा मात्र आईला हसू आलं आणि तिनं कात्री हातात घेतली.

नमुना कुठला? तोंडात टाचण्या धरून आई टीव्हीसमोर बसायची. गुप्तहेर वळला की भुंगी ओरडायची, "आई, पाठ बघ! पाठीला पट्टा आहे!" आणि आई घाईघाईनं कागदावर रेघा ओढायची. पडद्यावर लोकांचे खून पडत होते आणि या दोघींना काळजी खिशांची.

टीव्ही होता कृष्णधवल. पडद्यावरचा कोट करडा दिसायचा. आईकडे एका हॉटेलातल्या दरवानांच्या कोटांचं हिरवं कापड उरलेलं होतं. "हिरवाच असणार," ती म्हणाली, "गुप्तहेराला झाडीत लपावं लागतं." भुंगीला ते शंभर टक्के पटलं. मला घालून ती रस्त्यावर उतरली आणि आठवडाभरात गल्लीतली सगळी मुलं गुप्तहेराचा कोट हिरवा असतो, असं छातीठोकपणे सांगू लागली.

ते माझे सुखाचे दिवस होते. दर वर्षी वाळलेली पानं दारापर्यंत उडत आली की आई मला पेटीतून काढायची, छडीनं झटकायची, उन्हात टांगायची आणि भुंगीच्या उंचीप्रमाणे खालची दुमड थोडी सोडायची. मालिकेच्या संध्याकाळी आई शिलाई मशीन कापडानं झाकून ठेवायची आणि दोघी माझ्याखाली पाय घेऊन बसायच्या. आई पहिल्या पाच मिनिटांतच चोर ओळखायची आणि दर वेळी सपशेल चुकायची. ज्याचा कोट अंगात नीट बसत नाही, तो तिच्या मते चोर! भुंगी हसून हसून खाली पडायची.

मग एका वर्षी शेजारच्या मावशींकडे रंगीत टीव्ही आला. सगळ्या गल्लीला आमंत्रण होतं. भुंगी मला घालून अगदी पुढे बसली. मालिकेचे सूर वाजले, पडद्यावरचं दार उघडलं आणि गुप्तहेर आत आला. त्याचा कोट होता मातकट तपकिरी.

सगळ्यांच्या नजरा पडद्यावरून माझ्यावर वळल्या. मग मागून एक मुलगा ओरडला, "भुंगीचा पोपट झाला रे!" आणि सगळी खोली हसली. मावशीसुद्धा हसल्या. मला तेव्हा बटणांसकट जमिनीत गडप व्हावं असं वाटलं.

घरी येताच भुंगीनं मला अंगातून ओरबाडून काढलं. "तुला माहीत नव्हतं, तर कुणाला तरी विचारायचं ना!"

"कुणाला विचारू?" आई म्हणाली. "सगळ्यांकडे असाच तर टीव्ही होता."

"तुझ्यामुळे सगळे हसले मला. नको मला तुझा कोट!"

आईनं मला उचलून माझी घडी घातली. पुढच्या आठवड्यात मालिका लागली तेव्हा ती मशीनवरून उठली नाही. "काम आहे, तू बघ," म्हणाली. मी पेटीत गेलो, डांबरगोळ्यांच्या सोबतीला.

भुंगी मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. फोनवर दोघी तब्येतीचं बोलायच्या, हवेचं बोलायच्या. आई मात्र दर पानगळीला मला बाहेर काढायची. कसर लागून पडलेली भोकं रफू करायची, ऊन दाखवायची आणि परत ठेवायची. कुणासाठी, ते तिनं कधी सांगितलं नाही, पण मला ते कळत होतं.

यंदा ती मालिका नव्यानं सुरू व्हायची होती. आईनं फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. "तुझा तो गुप्तहेर परत येतोय म्हणे," ती म्हणाली.

"तू बघणार आहेस?" भुंगीनं विचारलं.

"एकटीनं काय बघायचं?"

मालिका सुरू व्हायच्या संध्याकाळी भुंगी दारात येऊन उभी राहिली. मी खिडकीत टांगलेला होतो. आईनं मला घाईघाईनं खाली ओढलं आणि पाठीमागे लपवलं. एवढा मोठा कोट असा लपतो का कुठे?

"दे इकडे," भुंगी म्हणाली. तिनं माझ्या बाहीत हात घातला तो कोपरापाशीच अडकला. रफूच्या टाक्यांवरून तिची बोटं फिरत राहिली. "त्या दिवशी मी फार वाईट बोलले तुला."

"लहान होतीस."

"तेवढीही लहान नव्हते, आई."

दोघी बसल्या. सूर वाजले. नवा गुप्तहेर आला तो निळ्या कोटात. आईनं चोरून लेकीकडे पाहिलं.

"चुकला की हो यांचा रंग," भुंगी गंभीरपणे म्हणाली. "आई, मला माझ्या मापाचा शिवून दे. हिरवाच."

"अगं, पण नमुन्याचा कागद राहिलाय कुठे? हाच उसवून याच्या तुकड्यांवरून नवा बेतावा लागेल."

"नको, हा असू दे."

"पेटीत ठेवून काय लोणचं घालायचंय?"

खरं सांगतो, मित्रांनो, कात्री पाहून मी घाबरलो. पण आईनं माझा टाका न् टाका हळुवार उसवला. भुंगी टेप धरून उभी होती, गुणगुणत होती. चोर कोण निघाला ते दोघींनीही पाहिलं नाही.

नमुना उतरवून झाल्यावर आईनं माझं कापडही वाया घालवलं नाही; आता मी भुंगीच्या नव्या हिरव्या कोटात खांद्याखालचं अस्तर झालो आहे. मालिकेच्या दिवशी ती बस पकडून आईकडे येते, तेव्हा वाटेतली थंडी मी तिला लागू देत नाही.

तुमच्यासाठी कुणी जीव लावून काही शिवलं असेल आणि ते जरा चुकलं असेल, तर ते बंद करून ठेवू नका. फाटेपर्यंत वापरा. आणि ज्यानं शिवलं त्याच्याशेजारी जाऊन बसायला उशीर लावू नका. आमच्या घरी फार उशीर झाला आणि कितीतरी पानगळी फुकट गेल्या. यंदाची मात्र गेली नाही.