लोंबत्या कानांचा शब्द

मी फ्लॅसिड बोलतोय. इंग्रजीतला शब्द आहे मी, आणि तुम्ही मला का बोलावलंत, हा माझा पहिला प्रश्न. चांगल्या बातमीसाठी मला कोणी हाक मारत नाही. ताठ असायला हवं ते लुळं पडलं, लोंबलं, की माझी आठवण होते.

माझं घराणं रोमचं. तिथे लोंबत्या कानांच्या माणसाला चिडवायला माझ्या पूर्वजाला बोलवत. पुढे मी इंग्लंडात आलो. डॉक्टरांनी मला लुळ्या स्नायूंवर बसवलं, माळ्यांनी मलूल पानांवर. माझा कोणावर विश्वास राहिला नाही तो तेव्हापासून.

पण नॉर्मन हेसलोप माझ्याहून संशयी. नॉर्थम्बरलंडमधला निवृत्त खाणकामगार. त्याच्या गावात दरवर्षी लीकचं, म्हणजे कांद्याच्या जातीतल्या जाड दांड्याच्या भाजीचं, प्रदर्शन भरतं. प्रदर्शनाआधी कोणी आपले लीक कापून टाकेल, ही भीती तिथे सगळ्यांनाच. यंदा नॉर्मनचे लीक सर्वांत जाड होते. आयुष्यात एकदा तरी पहिलं बक्षीस मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. शेजारचा वाफा त्याच्या मेहुण्याचा, अल्फचा. पाण्याचं पिंप दोघांत एक.

एकदा अल्फ पिंपात वाकलेला दिसला.

"काहीतरी कालवलंय त्यानं," नॉर्मन बायकोला म्हणाला.

"अरे, मेलेली चिमणी काढत होता तो," डोरीन म्हणाली. "घरून आणू का पाणी?"

"नको. बहीण शेवटी भावाचीच!"

तिनं आणलेला चहासुद्धा तो हुंगून प्यायचा. पिंपाला शिवेना, पहारा सोडून घरी जाईना. पाऊसही रुसलेला.

प्रदर्शनात परीक्षकानं त्याच्या लीकचं पान उचललं. ते बोटावरून खाली लोंबलं.

"फ्लॅसिड," परीक्षक म्हणाला. मी हजर.

"म्हणजे?"

"म्हणजे कुत्र्याचे कान, बाबा! पाणी नाही का घातलंस?"

"यानं पिंपात विष घातलंय!" नॉर्मननं अल्फकडे बोट दाखवलं.

अल्फचे लीक शेजारीच ताठ उभे होते, त्याच पिंपाच्या पाण्यावर वाढलेले. सगळ्यांना ते दिसलं. मग नॉर्मनलाही दिसलं.

प्रदर्शनातून परतताच डोरीननं वाफ्यातल्या उरलेल्या लिकांना पिंपातलं पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत पानं उठली, आणि मलाही उठावं लागलं. मी नॉर्मनच्या पडलेल्या खांद्यांवर जाऊन बसलो. तिथे जागा होती.

अल्फ कुंपणाशी आला. "चहा घे. चिमणी नाहीये त्यात."

नॉर्मननं कप नाकाशी नेला, थांबला, आणि न हुंगता प्यायला.

मला तिथूनही निघावं लागलं. तेव्हा लोकहो, कुठे काही लोंबताना दिसलं, तर मला हाक मारण्याआधी जरा पाणी घालून बघा.