लुसीलची सवलत

टोरांटोच्या कंपनीने फर्मान काढलं: सप्टेंबरपासून सगळ्यांनी आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात यायचं, ज्यांना जमणार नाही त्यांनी दुसरीकडे बघावं. लुसीलच्या समुद्रकाठच्या शेटिकॅम्प गावाहून टोरांटो म्हणजे दोन दिवसांचा गाडीरस्ता. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळ्या कुठे चरतात याच्याशी काय देणंघेणं?

लुसील पोआरिए त्या कंपनीत घरून काम करायची. देशभरातल्या औषधांच्या दुकानांत डॉक्टरांच्या चिठ्ठ्या ज्या प्रणालीत नोंदवल्या जातात, ती चालती ठेवायची, हे तिचं काम. नोकरीवर घेताना कंपनीने 'कायम घरून' असं लिहून दिलं होतं. त्या भरवशावर ती हॅलिफॅक्स शहर सोडून गावी बापाकडे परत आली होती. आई गेल्यापासून बाप, अनसेल्म, एकटा होता, आणि साठी उलटली तरी शेवंडी पकडायला रोज समुद्रात जात होता. आता गाव धरावं तर नोकरी जाणार आणि नोकरी धरावी तर बाप मागे राहणार.

आणि मग सोमवारी तिच्या साहेबाचा, ग्रँट हॅलोरनचा, फोन आला.

"लुसील, तू कुठे जाऊ नकोस हं. तुला सूट. तू घरूनच कर."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं मी बघतो, तू तुझं बघ. फक्त बभ्रा करू नकोस. झाकली मूठ राहू दे."

लुसीलने त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला. आनंदाने तिला काही सुचेना. आणि त्या आनंदातच ती घोटाळा करून बसली.

झालं असं, की ही सगळी मंडळी पांगलेली. चहाच्या टपरीवर कुणाची कुणाशी गाठ पडायची सोय नाही. त्यामुळे फोनवर दोघांत जे ठरेल ते लगेच चार ओळींत संगणकावरच्या सगळ्यांच्या सामायिक फळ्यावर लिहायचं, अशी रीत पडली होती. लिहिलं नाही म्हणजे झालंच नाही. ही सवय लुसीलच्या बोटांत इतकी मुरली होती की फोन ठेवल्या ठेवल्या तिने लिहून टाकलं: 'ग्रँटशी बोलणं झालं. ठरलं: मी ऑफिसात यायचं नाही, घरूनच काम करायचं. हे कुणाला सांगायचं नाही.' शेवटचं वाक्यसुद्धा इमानाने लिहिलं, बरं का. आणि ते कंपनीभर पोचलं.

पहिला फोन वेंडलचा आला. हा तिचा कामातला जोडीदार, सस्कॅचेवानच्या एका खेड्यात राहणारा. त्याच्या बायकोचं रक्त आठवड्यातून तीनदा तिथल्याच दवाखान्यात मशीनवर शुद्ध करून घ्यावं लागायचं, तिला घेऊन जायचं तरी कुठे?

"अगं बये, काय टाकलंस हे? शुद्धीवर आहेस ना? पुसून टाक आधी."

"तू वाचलंस?"

"नाही वाचलं. मी काहीच वाचलं नाही, शपथ. तुझं झालंय ना? मग धरून ठेव आणि गप्प बस."

फोन ठेवून लुसीलने फळा उघडला. पुसायला एक बोट पुरणार होतं. स्वयंपाकघरात अनसेल्म फ्रिकोच्या पातेल्यात डाव फिरवत होता. कोंबडीच्या रश्शाचा वास घरभर सुटला होता. तिने जाऊन त्याला सगळं सांगितलं.

"पोरी, लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस? तुला सूट मिळालीय, राहा की निवांत."

"पापा, शेवंडींच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्या बोटी एकदम सुटतात. कुणी एकट्याने आधीच गुपचूप सापळे टाकले तर?"

"कोण टाकेल?"

"समजा टाकले."

"मग धक्क्यावर त्याच्याशी कुणी बोलणार नाही." अनसेल्मने डाव खाली ठेवला आणि लेकीकडे नीट पाहिलं. "जेवून घे आधी."

तिने पुसलं नाही. तासाभरात ग्रँट तापून फोनवर आला.

"पुसतेस का सूट काढून घेऊ?"

"त्यात खोटं काय लिहिलंय?"

"काढली समज."

"काढ," लुसील म्हणाली.

तोवर फळ्यावर माणसं बोलू लागली होती. लुसीलला चालतं तर मला का नाही? मलाही 'कायम घरून' असंच लिहून दिलंय, त्याचं काय? बायका, बाप्ये, कालपर्यंत कधी तोंड न उघडलेले, एकेक येऊन नावानिशी लिहीत होते. रात्री वेंडलनेही लिहिलं. पुढे रोज सकाळी लुसील जीव मुठीत धरून संगणक सुरू करायची: आज आत घेतील, की दार बंद? समुद्रावर निघण्याआधी अनसेल्म तिचा चहा करून ठेवायचा.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या मालकीणबाईंनी स्वतः फळ्यावर लिहिलं. ज्यांना घरून म्हणून घेतलं ते घरूनच काम करतील, सगळेच्या सगळे. लुसीलचं नाव कुठेही नव्हतं. वेंडलने फोन केला, पण त्याला बोलता येईना. शेवटी बायकोनेच फोन हिसकावून घेतला आणि म्हणाली, "हा रडतोय गं वेडा."

लुसीलने बापाला सांगितलं.

"म्हणजे तुझी सूट परत मिळाली?"

"नाही पापा. मला एकटीला काहीच मिळालं नाही."

अनसेल्मने मान हलवली, खुंटीवरची टोपी घेतली आणि बूट चढवू लागला.

"कुठे निघालात? बाहेर सुएत सुटलाय. छपरं उडवील असा वारा आहे. एक बोट हलणार नाही."

"बोटी नसतील हलत. धक्क्यावर माणसं असतील की."

तिने खिडकीतून पाहिलं. वाऱ्यात वाकून, टोपी डोक्यावर दाबून म्हातारा चालला होता, आणि घाईत चालला होता. आपल्या बापाला आपल्याबद्दल चार लोकांत सांगायची इतकी घाई झालेली तिने जन्मात पाहिली नव्हती.