दस्त्यावरची चंद्रकोर

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. मात्र कोणी मला म्हातारी म्हटलेले मी खपवून घेत नाही. ऐन द्राहम नावाच्या डोंगरी गावाजवळ, ज्यांच्या सालीपासून बाटल्यांची बुचे होतात त्या बुचाच्या झाडांच्या रानात, मी माझे मालक सी अम्मार यांच्या खांद्यावर एकेचाळीस हिवाळे काढले. माझा दस्ता अक्रोडाचा आहे आणि पोलादावर हाताने कोरलेला तितर आहे. रानडुकरांनी बटाट्याची शेते उकरली की गावकरी आधी माझी चौकशी करीत, मग सी अम्मार यांची.

आमच्या घराचा एक नियम होता. माणसांत बंदूक यायची ती मधोमध उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या दाखवूनच. मिटलेली बंदूक घेऊन उंबरठा ओलांडणाऱ्याला सी अम्मार यांची पत्नी मन्नूबिया चहासुद्धा विचारीत नसे.

त्यांची एकुलती एक लेक दलिला नऊ वर्षांची असताना मला अशीच उघडी, खांद्यावर टाकून वडिलांमागून घरी निघाली होती. उतारावर तिचा पाय घसरला. माझा दस्ता खडकावर आपटला आणि लाकडावर चंद्रकोरीसारखा घाव उमटला. पोर रडू लागली.

"रडतेस काय वेडे?" सी अम्मार म्हणाले. "खूण केलीस ना? आता ही तुझीच."

पुढे दलिला शिकली आणि दूर सफाक्सला नोकरीला गेली. गेल्या थंडीत सी अम्मार वारले. मला लोखंडी कपाटात ठेवण्यात आले. शेजारी त्यांचा शिकारीचा कोट होता. हळूहळू त्याचाही वास उडाला.

मग पोलीस ठाण्यातून निरोप आला: महिनाअखेरपर्यंत वारसाने बंदूक आपल्या नावावर करून घ्यावी, नाहीतर जमा करावी. जमा झालेल्या बंदुका करवतीने कापतात, हे मला ठाऊक होते.

"उम्मी, मी शहरात बंदूक घेऊन काय करू?" दलिला फोनवर आईला म्हणाली. "ती कशी दिसते हेही आता आठवत नाही. फोटो पाठव, मग बघते."

मन्नूबियाने गावातल्या लग्नांचे फोटो काढणाऱ्या नूरीला बोलावले. मी उठून दिसावे म्हणून तिने मला घरचे ऑलिव्हचे तेल चोपडले. आमच्या डोंगरात भाकरीपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्याला हेच तेल! नूरी भर दुपारी आला, अंगणात गुलाबी साटीन पसरून त्याने प्लॅस्टिकची फुले मांडली.

"अरे, तिचं लग्न नाहीये!"

"मावशी, माझ्या कॅमेऱ्यासमोर आली की प्रत्येक बाई नवरीच."

"आणि तिला मिटलंस कशाला? उघड आधी."

"मिटलेली सडपातळ दिसते, मावशी. माझं ऐका."

माझा घाव त्याने फुलाखाली झाकला. तेलकट नळीवर ऊन असे चमकले की फोटोत पांढरा पट्टा तेवढा उरला, तितर दिसेनाच. संध्याकाळी दलिलाचे उत्तर आले: "उम्मी, ही आपली बंदूक वाटतच नाही. कोणाची का असेना, जमा करून टाक."

 महिना संपायला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी तिने कोरड्या फडक्याने माझे सगळे तेल पुसून काढले आणि नूरीला सोबत घेऊन मला रानात नेले. सूर्य कड्याआड जाईपर्यंत तिने त्याला कॅमेरा उघडू दिला नाही. साल काढलेल्या, आडव्या पडलेल्या तांबूस बुंध्यावर मला आडवे ठेवले, उघडी, रिकामी. तितरावर बाजूने उजेड पडावा म्हणून ती स्वतः पांढरी चादर धरून उभी राहिली. नूरी माझ्या उंचीला येण्यासाठी गुडघ्यांवर बसला.

"घाव वरच्या अंगाला घे."

"मावशी, खोट दिसेल."

"खोट नव्हे रे गाढवा, सही आहे ती!"

फोटो गेला आणि थोड्याच वेळात फोन वाजला.  दलिला म्हणाली, "उम्मी, मी येते."

ती शेवटच्या दिवशी पोहोचली. मला हाती घेताच तिने आधी उघडून पाहिले, मग अंगठा चंद्रकोरीवर ठेवला. कागदांवर सह्या झाल्या. मी करवतीपासून वाचले.

आता मी सफाक्सला, चौथ्या मजल्यावरच्या कुलूपबंद कपाटात असते. दलिला मला महिन्यातून एकदा बाहेर काढते, पुसते, पुन्हा ठेवते. येथे बुचाची झाडे नाहीत, डुकरांच्या मागावर धावणारे कुत्रे नाहीत. वाचणे आणि जगणे यांत अंतर असते, हे मी येथे शिकले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचे आणि जुन्या माणसांचे फोटो जरूर काढा. पण प्रखर उन्हात घाईने काढू नका आणि त्यांचे घाव फुलांखाली झाकू नका. आणि फोटो मिळाला म्हणजे भेट झाली, असे तर मुळीच समजू नका.

माझा तो फोटो मन्नूबियाने रिकाम्या कपाटाच्या दारावर लावला आहे. ती तो रोज पुसते, असे दलिला फोनवर कोणाला तरी सांगत होती. कोरड्या फडक्याने.