बंद गॅलरीतलं ऊन

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमचे हे लग्न झाल्यापासून म्हणत आलेत. म्हणू देत बापडे. त्यांचा धंदा काचेचा, हळू हात आणि हळू बोलणं. माझं तसं नाही, जे मनात ते ओठावर. रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांच्या काचा त्यांनी बसवलेल्या. सगळे त्यांना काचवाले म्हणतात आणि मला काचवाली, माझ्या हातून घरातले सगळे ग्लास फुटले असले तरी.

आमचं घर दुकानाच्या वर. खाली दुकान, त्याच्या मागे कापायची खोली, वर दोन खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी. सून लग्न होऊन आली तेव्हापासून मागच्या खोलीत बसून फोटोंच्या चौकटी जोडायची. हात असा सफाईदार, की आमचा मुलगा बापाकडे काम शिकून तयार झालेला, तोही तिच्यापुढे नवशिका वाटावा. त्या खोलीला खिडकी नाही. दिवसभर ट्यूबलाइट. सकाळी जिना उतरायची, अंधार पडला की वर यायची. पोरगी पांढरीफटक पडत चालली होती, आणि आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत होतो, आमची सून गोरी आहे हो!

एकदा तिला दिवस गेले होते, पण ते टिकलं नाही. मग किती वर्षं काहीच नाही. आम्ही सगळ्यांनी मनातून हात टेकले होते. आणि अचानक एके दिवशी तिने स्वयंपाकघरात येऊन माझा पदर धरला आणि नुसतीच रडायला लागली, तेव्हा मला कळलं. त्या दिवसापासून घरात सगळ्यांचा एकच ध्यास, हे मूल सुखरूप हातात यावं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, "व्हिटॅमिन डी अगदी तळाला गेलंय. बाळाची हाडं आईच्याच साठ्यातून होतात. हिच्याकडेच नाही, तर त्याला कुठून मिळणार? आठवड्याची ही गोळी चुकवायची नाही. आणि जिने चढणं-उतरणं बंद."

गोळी पिवळी, मऊ, आत तेल. ती घेतली की सुनेला दिवसभर तेलकट ढेकर यायचे आणि संध्याकाळपर्यंत पोटात पाणी ठरायचं नाही. तिला तशाही उलट्या होतच होत्या, पण दोष गेला गोळीला. गोळीचा दिवस आला की सकाळपासून तिचं तोंड एवढंसं.

"आई, आज राहू दे ना," म्हणायची.

"गीळ मुकाट्याने," मी म्हणायचे.

हे सगळं आमचे हे बघत होते. एकदा जेवता जेवता म्हणाले, "हे उन्हाचं व्हिटॅमिन ना? मग उन्हासाठी तेल कशाला प्यायचं? मी ऊनच घरात आणतो."

"आणा की. पिशवी देऊ का?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. ते त्यांच्या नादात होते. आमच्या गॅलरीत ऊन भरपूर, पण समोर सिमेंटचं गोदाम. दिवसभर गाड्या लागलेल्या, पोती फुटलेली, आणि वारा असा की वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकले तर खोकला लागावा. तिथे गरोदर बाईला बसवायची सोयच नव्हती. म्हणून यांनी ठरवलं, गॅलरी काचेने बंद करायची. एका सराफाच्या दुकानासाठी मागवलेली, होती त्यातली सगळ्यात भारी काच त्यांनी बाजूला काढली. सराफाला म्हणाले, थांबा. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला थांबवलं त्यांनी!

काय ते काम केलं म्हणून सांगू. काच कापायचा हिरा असा फिरवायचे, की बघणाऱ्याने श्वास धरावा. मुलगा चौकटी धरायला, हे फटींत लांबीचा लगदा भरायला. एक फट राहू दिली नाही. झालं तेव्हा मला हात धरून आत नेलं आणि म्हणाले, "सांग बघू, काच कुठे आहे?" खरंच, दिसत नव्हती. समोरच्या पोत्यांवरची अक्षरं वाचता येत होती. धूळ नाही, वारा नाही, आणि ऊन कसं भरभरून आत आलेलं. मी तोंड भरून कौतुक केलं. कुणीही केलं असतं.

मग रोजचंच झालं. सकाळी हे ओल्या कागदाने काच पुसायचे, सून बाह्या वर करून खुर्चीत बसायची. गाल लाल व्हायचे, कपाळाला घाम यायचा. थोड्याच दिवसांत उलट्या थांबल्या. दिवस पुढे गेले की थांबतातच त्या, पण श्रेय गेलं गॅलरीला. "बाबांच्या उन्हाचा गुण आला," सून म्हणायची, आणि हे पोरासारखे लाजायचे. गोळ्यांची डबी आधी फळीवर होती, मग साखरेच्या डब्यामागे गेली, आणि मग कुणी तिच्याकडे बघेना.

तपासणीला गेलो की डॉक्टरीणबाई विचारायच्या, "ऊन घेताय ना?"

"रोज घेते," सून सांगायची.

"छान, छान. चालू ठेवा सगळं." आणि बाई पुढच्या पेशंटकडे. त्यांचं तरी काय चुकलं? ऊन म्हटल्यावर मध्ये काच आहे का, असं कोण विचारतं?

नात झाली. इवलीशी, डोक्यावर काळंभोर जावळ. आजोबांनी बघताक्षणी नाव ठेवलं, टिकली. मला वाटलं, आमची चिंता मिटली. या माणसाचा आनंद असा ओसंडत होता, की गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या शिंपीणबाईंनी नुसतं म्हटलं, "काचवाले, माझ्या लेकीलाही दिवस गेलेत हो," तर हे दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यांच्या पडवीला तशीच काच बसवून आले. वर लेकीला सांगून आले, "रोज बस बाळा उन्हात, गोळ्याबिळ्यांचं काही काम नाही."

दवाखान्यातून टिकलीसाठी थेंबांची बाटली दिली होती. "कोवळ्या जिवाला औषधं कशाला, आपण ऊन देतोय ना," असं हे म्हणाले आणि सगळ्यांना पटलं. रोज सकाळी तिला उघडी करून गॅलरीत गादीवर ठेवायचो. ती किरकिरी होती. डोक्याला सारखा घाम, टाळू मोठी आणि मऊ, हात ठेवायला भीती वाटायची. मान काही धरत नव्हती. मी म्हणायचे, हिच्या बापानेही उशिराच धरली होती. दूध पिताना ती धापा टाकायची, तर आम्ही म्हणायचो, बाई अधाशी आहे आमची.

त्या सकाळी हे आतून काच पुसत होते. सून केस विंचरत दारात उभी, मी तांदूळ निवडत होते. हे मागे वळले आणि हसून म्हणाले, "अगं बघ, बघ, हात हलवून बोलावतेय मला!" आणि त्यांनी हातातला ओला कागद तिच्याकडे बघून हलवला. टिकलीचा हात हलत होता. हलतच होता. एका तालात, थांबेचना. मग पायही हलायला लागला, आणि डोळे वर गेले. सुनेच्या हातातला कंगवा पडला. यांचा हात अजून हवेतच होता.

दवाखान्यात मुलांचे डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. झटके थांबवले. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. मग आम्हाला एका अरुंद खोलीत बसवून म्हणाले, "हिच्या अंगात कॅल्शियम फारच कमी आहे. व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच. आईचंही तपासलं, तिच्यातही नाही. त्यामुळे पोटात असताना हिला मिळालं नाही, आणि दुधातूनही नाही. झटके त्याचेच. आणि हृदय अशक्त झालंय, फुगलंय. ते जास्त काळजीचं आहे."

"काहीतरी चूक होतेय तुमची," हे म्हणाले. आवाज चढला होता त्यांचा. "रोज ऊन दिलंय तिला. आईलाही, लेकीलाही. एक दिवस चुकवला नाही."

"उघड्यावर?"

"छे हो, उघड्यावर सगळी धूळ. काचेत. मी स्वतः बसवली."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बाबा, काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण उन्हातल्या ज्या किरणांनी अंगात हे व्हिटॅमिन तयार होतं, ते काच आत येऊ देत नाही."

"माझी काच?" हे म्हणाले. "अहो, तिच्यातून पलीकडच्या पोत्यांवरची अक्षरं वाचता येतात."

"दिसतं सगळं, बाबा. पण ते येत नाही."

यांनी मुलाकडे बघितलं. "तुला माहीत होतं?" मुलाने नाही म्हणून मान हलवली. उभा जन्म ज्या माणसाने काचेत काढला, त्यालाच माहीत नव्हतं, तर मुलाला कुठून असणार? यांचे दोन्ही हात मांडीवर उलटे पडले होते, लांबीने भेगाळलेले. त्या हातांकडे मला बघवेना.

 सुनेने विचारलं, "मी त्या गोळ्या घेतल्या असत्या, तर?"

डॉक्टर म्हणाले, "आत्ता तो विचार नका करू."

"म्हणजे हो," ती म्हणाली.

आम्ही आशा धरली. सलाइनमधून कॅल्शियम चाललं होतं, झटके परत आले नाहीत, एकदा तर तिने सुनेचं बोट घट्ट धरलं. डॉक्टर म्हणाले, बरीच मुलं यातून बरी होतात. पण हृदय थकलं होतं, ते काही सावरलं नाही. टिकली गेली. सुनेच्या मांडीवरच गेली. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि कुणी विचारू पण नये.

घरी आल्यावर सुनेने गॅलरीचं दार लावून घेतलं. पण दारालाही वर काच होती, यांचीच. रोज सकाळी तिच्यातून ऊन आत यायचं आणि खोलीत जमिनीवर पसरायचं. सून खाट ओढून कोपऱ्यात घ्यायची, तिथवर ते पोचू नये म्हणून. तिचं दूध आटत नव्हतं. पोलकं भिजलेलं असायचं आणि ती बदलायची नाही. मी बोलायला जायचे, तर म्हणायची, "आई, बाबांना काही बोलू नका." तेवढंच. मला तर त्यांना फाडून खावंसं वाटत होतं, आणि जवळ घेऊन रडावंसंही वाटत होतं. यातलं एकही जमलं नाही. ते खाली दुकानात बसून राहायचे. सराफ दुसऱ्या एका काचेसाठी दोनदा येऊन गेला. यांनी मान वर केली नाही.

आणि मग एका सकाळी चहा टाकताना माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. शिंपीणबाईंची लेक!

मी तशीच खाली गेले. "अहो, उठा. हत्यारं घ्या. शिंपीणबाईंची काच काढून या."

ते माझ्याकडे बघत राहिले. "कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा! दुसरं आणायचंय कुठून?"

ते उठले नाहीत. उठवतच नव्हतं त्यांना, हे मला दिसत होतं. मुलगा बाहेर कामावर गेलेला. मग मीच पायात चपला अडकवल्या.

शिंपीणबाई गळ्यात टेप घेऊन दारात आल्या. मला बघून डोळ्यांत पाणी आणलं, जवळ घेतलं. मी म्हटलं, "बाई, रडू नंतर. आधी लेकीला त्या काचेतून उठवा. काचेतून ते येत नाही. आमची टिकली त्यानेच गेली. गोळ्या देताय ना तिला?"

त्यांचे हात माझ्या खांद्यावरून हळूच सुटले. "गोळ्या कशाला? काचवाल्यांनीच सांगितलं ना, काम नाही म्हणून."

"चुकलं त्यांचं! मी सांगतेय ना आता."

"अहो, ऊन ते ऊन. आत बसवत नाही इतकं तापतं."

"तुमच्या डॉक्टरांना विचारा मग."

"विचारलंय. ऊन घेते म्हटलं, तर छान म्हणाले." मग त्यांचा आवाज बदलला. मऊ झाला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "तुमचं झालं ते फार वाईट झालं. कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पण माझ्या पोरीचं चांगलं चाललंय, ते तरी चालू द्या. तिला असलं काही ऐकवू नका या दिवसांत. घरी जा, थोडं पडा."

आणि दार लावलं. जोरात नाही, अगदी हळू.

त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलंय. किंवा दुसऱ्याचं सुख मला बघवत नाही. मी त्यांच्या जागी असते, तर मलाही तेच वाटलं असतं.

मी वळसा घालून पडवीसमोर गेले. लेक आत खुर्चीत बसली होती. बाह्या वर केलेल्या, डोळे मिटलेले, एक हात पोटावर. गाल लाल झालेले. अगदी आमच्या सुनेसारखी. मी काचेवर मूठ आपटली. तिने डोळे उघडले. मला ओळखून कसंनुसं हसली, आईला हाक मारल्यासारखं आत बघितलं, आणि मग खुर्ची फिरवून पाठ उन्हाकडे केली.

मी दोन्ही मुठी आपटल्या. "ऊठ तिथून," ओरडले, "गोळ्या घे, ऊठ!" रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. आत तिला काही ऐकू जात नव्हतं. काच फुटेना, हलेनासुद्धा. आमच्या ह्यांनी बसवलेली ती.