वीतभर वाळू

घड्याळजींनी जाळीचं फावडं वाळूत रोवलं, टाचेने दाबलं आणि वर आलेल्या ढिगातून आणखी एक बाटलीचं पत्र्याचं बूच बाहेर काढलं. सकाळपासूनचं हे तेविसावं. ते समुद्रात भिरकावून द्यायला त्यांनी हात उगारला, क्षणभर तसाच ठेवला आणि मग मुकाट्याने बूच कमरेच्या पिशवीत टाकलं. उकरलेला कचरा परत किनाऱ्यावर टाकायचा नाही, हा धातू शोधायचं यंत्र घेऊन फिरणाऱ्या सगळ्यांचाच नियम होता. तो पाळताना मात्र कधी कधी दातओठ खावे लागत.

हेडफोन सरकवून त्यांनी पुन्हा यंत्राची ताटली वाळूवरून फिरवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, अर्धं पाऊल पुढे. पलीकडे, लाकडी धक्क्याच्या अंगाला, जाडजूड नळ गुरगुरत होता आणि त्याच्या तोंडातून राखाडी, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली वाळू ओकली जात होती. समुद्राने दरवर्षी किनारा खायचा आणि नगरपालिकेने समुद्राच्याच तळातून वाळू उपसून तो पुन्हा भरायचा, असा हा खेळ. भरलेल्या भागात छातीभर नवी वाळू पडली होती. यंत्राची धाव वीतभर, फार तर दोन. त्या नव्या वाळूवर घड्याळजी काल तासभर चालून आले होते, पण हेडफोनमध्ये टिक् म्हणूनसुद्धा वाजलं नव्हतं. जुन्या किनाऱ्यावर कचरा कान किटवतो आणि नव्यावर काहीच वाजत नाही. माणसाने जायचं कुठे?

"काका, सापडलं का काही?" पिवळं जाकीट घातलेला मुकादम शिट्टी बोटाभोवती फिरवत आला.

"बुचं सापडली. हवीत?"

"नको बाबा." मुकादम हसला. "सांगायला आलो होतो. उद्या नाही, आजच भरतोय हा पट्टा. चारला नळ इकडे सरकवणार."

"फळ्यावर उद्याची तारीख लिहिली आहे तुम्हीच."

"लिहिली होती. वाळू उपसणारी बोट लवकर परत जायचीय. मी काय करू? वरून जे येतं ते मी खाली सांगतो."

"आणि वाळूही वरूनच येते," घड्याळजी म्हणाले. "चांगलं आहे तुमचं."

मुकादमाला विनोद कळला की नाही कोण जाणे, पण तो मान डोलावून गेला. घड्याळजींनी मनगटाकडे पाहिलं. पावणेदोन झाले होते.

त्यांनी गंजक्या बाकापासून जीवरक्षकाच्या मोडक्या मचाणापर्यंतचा पट्टा काठीने आखून घेतला होता. तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी सून आणि मुलगा नेमके इथेच चादर टाकून बसले होते, आणि घरी परतल्यावर सुनेचे कान मोकळे होते. सोन्याचे छोटे कानातले, तिच्या आईचे. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सून रडली नव्हती. ताटावर बसून भात नुसता चिवडत राहिली होती. ते बघवेना म्हणून म्हणा, किंवा चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांतले केसाएवढे स्क्रू शोधून काढल्याचा तोरा म्हणून म्हणा, घड्याळजी बोलून गेले होते, "त्यात काय एवढं? तासाभरात काढून देतो."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. तो तास तीन महिने चालला होता. सुरुवातीला सून दारातच विचारायची, मग नुसती बघायची, आणि गेला महिनाभर तेही बंद झालं होतं. आता बोलणं व्हायचं ते फक्त बादलीवरून.

बादली गॅलरीत होती. पहिल्या आठवड्यात घड्याळजींनी यंत्राचे सगळे आवाज चालू ठेवून जे वाजेल ते उकरलं होतं, आणि वाजत होतं काय? सिगारेटच्या पाकिटांची चांदी, चिप्सच्या पिशव्यांचे तुकडे, चॉकलेटचे चंदेरी कागद, शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या. पावलागणिक टिक्, टिक्, टिक्. नाकी नऊ आले होते. किनाऱ्यावरचे कचऱ्याचे डबे पक्षी उलटे करत, म्हणून ते सगळं घरी आणून ते बादलीत रिकामं करत होते. काय निघालं ते बघायचंही त्राण उरत नसे. सातव्या दिवशी त्यांनी चिडून यंत्राचं बटण पिरगाळलं होतं आणि पातळ, हलक्या कागदाचा आवाज कायमचा बंद करून टाकला होता. तेव्हापासून कानांना जरा उसंत मिळाली होती. बादली मात्र तशीच राहिली, शिळ्या बिअरच्या आणि खाऱ्या पाण्याच्या वासासकट.

"बाबा, ही बादली कधी जाणार?" सून आठवड्यातून एकदा तरी विचारायचीच.

"जाईल," असं म्हणून ते पेपर वर धरायचे.

यंत्र वाजलं. फावडं, टाच, ढीग. चोविसावं बूच. घड्याळजी तिथेच वाळूत बसले. गुडघे ठणकत होते आणि डोळ्यांत राखाडी चुरा जात होता. ज्या माणसाने हे बूच दातांनी उघडून इथे थुंकलं, त्याला एकदा समोर उभा करावा आणि विचारावं, बाबा रे, तुझ्या घरी उंबरा ओलांडताना तू असंच करतोस का?

"मला वाटलंच इथेच असाल."

सून उभी होती. औषधांच्या दुकानातला पांढरा कोट अजून अंगावरच होता. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात त्यांची टोपी.

"गोळी घेतली नाहीत सकाळची," ती म्हणाली.

"घेतो."

"आता घ्या."

त्यांनी घेतली. ती त्यांच्याजवळ वाळूत टेकली.

"चारला इथे भरणार आहेत," घड्याळजी म्हणाले. "मग संपलं."

"मग घरी चला ना. मला नकोत ते. खरंच नकोत."

"तुला नकोत, पण मला हवेत." ते जरा जोरातच म्हणाले. "तासाभरात म्हणालो होतो मी. एवढ्याशा पट्ट्यात दोन कानातले सापडू नयेत म्हणजे काय? इंच इंच फिरलोय. वाळूत पडलेलं सोनं काय पाय फुटून जातं? पडताना काही जाणवलं नाही तुला? फिरकी सैल होती का? नक्की कानातूनच पडले ना?"

सून टोपीची कड मुडपत बसली. मग तिने ती सरळ केली आणि पुन्हा मुडपली.

"कानात नव्हतेच," ती म्हणाली.

घड्याळजींनी मान वळवून तिच्या कानांकडे पाहिलं.

"पाण्यात जायचं होतं म्हणून काढून ठेवले होते. पर्स आणली नव्हती. चॉकलेट खाल्लं होतं, त्याच्या कागदात गुंडाळले आणि चादरीच्या कोपऱ्यावर ठेवले. निघायच्या घाईत..." ती थांबली. "चादर मीच झटकली, बाबा. दोन्ही हातांनी, चांगली उंच धरून."

"चंदेरी कागद होता?"

"हो."

"हे तू सांगितलं नाहीस."

"काय सांगणार होते? आईची एवढीच एक वस्तू होती आणि ती मी कचऱ्यासारखी झटकून टाकली, असं? यांनाही नाही सांगितलं. पडले म्हटलं. तुम्ही रोज कचरा घेऊन यायचात आणि मला तोंड वर करून बघवायचं नाही."

घड्याळजींनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. दुकानात कुणी मेलेल्या माणसाचं घड्याळ दुरुस्तीला आणलं की ते असंच खाली बघत. त्यांचा हात मात्र यंत्राच्या बटणाकडे गेला होता. त्यांनी हेडफोनची वायर उपटली आणि बटण हळूच डावीकडे फिरवलं, पहिल्या दिवशी होतं तिथपर्यंत. मग बसल्या जागेवरूनच ताटली फिरवली.

टिक्. टिक्, टिक्. टिक्.

"हे काय?" सुनेने विचारलं.

"चंदेरी कागद. त्यात सोनं असलं तरी आवाज कागदाचाच येतो."

"आत्तापर्यंत वाजत नव्हता?"

"मी बंद केला होता." घड्याळजींना स्वतःचाच आवाज ऐकवेना. "कटकट व्हायची म्हणून. अकरा आठवडे मी त्याच्यावरून नुसता चालत गेलोय."

आता सून रागावेल, निदान कपाळाला हात तरी लावेल, असं त्यांना वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती पट्ट्याकडे बघत होती.

"आणि त्याच्या आधी?"

"आधी एक आठवडा. तेव्हा सगळं उकरलं, कागदसुद्धा. जे निघालं ते बघितलं न बघितलं आणि..."

ते थांबले. दुकानात चाळीस वर्षं त्यांनी केरसुद्धा चाळल्याशिवाय फेकला नव्हता. संध्याकाळी टेबलाखालचा केर पांढऱ्या कागदावर घ्यायचा, भिंग लावायचं, एकेक कण सुईने बाजूला करायचा आणि मगच टोपली. नोकर हसायचे, गिऱ्हाइकं हसायची. 'केरातच मोठा ऐवज असतो' असं ते ऐटीत सांगायचे. आणि इथे, ज्या कामासाठी शब्द दिला होता तिथे, चिडून सगळा केर न उघडता बादलीत ओतला होता.

"बादली," ते म्हणाले.

सुनेचा हात तोंडाशी गेला. "बाबा, मी ती सकाळी खाली नेऊन ठेवली. कचऱ्याच्या गाडीसाठी."

"गाडी किती वाजता येते?"

"अडीच."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. घड्याळजी उठले तेव्हा गुडघा कटकन वाजला. यंत्र तिने उचललं. फावडं राहिलं, ते त्यांनी दहा पावलांवरून परत जाऊन आणलं, कारण फावडंही शेवटी किनाऱ्यावर टाकलेलं लोखंडच. मुकादमाने लांबून हात हलवून विचारलं, झालं का? त्याला उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता. रस्त्यावर ती पुढे गेली, वळणावर थांबली, पुन्हा पुढे गेली. घड्याळजी मागून धापा टाकत येत होते आणि मनातल्या मनात तिला म्हणत होते, तू जा गं, माझ्यासाठी थांबू नकोस.

ते इमारतीशी पोचले तेव्हा गाडी कोपऱ्यावरच्या दुकानासमोर उभी होती आणि तिचा मागचा जबडा खालीवर होत होता. बादली जिन्याखाली होती. तिच्यावर कुणीतरी केळ्याची सालं टाकली होती. सुनेने ती हातानेच बाजूला केली, कडी धरली आणि बादली पोटाशी घेतली. पांढऱ्या कोटावर गंजाचा तांबडा ओघळ उतरला.

"दे इकडे, जड आहे," घड्याळजी म्हणाले.

"राहू द्या. तुम्ही कठडा धरा."

तीन मजले. वर पोचल्यावर तिने जेवणघरातलं टेबल भिंतीला सरकवलं आणि कपाटाच्या अगदी तळातून एक निळी चादर ओढून काढली. त्या रविवारनंतर ती चादर कधी बाहेर निघाली नव्हती. तिच्या घड्यांमधून वाळू फरशीवर सांडली. तिने चादर पसरली, चारही कोपरे तळहाताने सपाट केले, आणि मग दोघांनी मिळून बादली हळूहळू आडवी केली.

ढीग केवढा तरी निघाला. बुचं, कड्या, गंजलेले खिळे, आणि मुठीच्या मुठी भरतील एवढे कागदाचे गोळे, ओल्या वाळूने चिकटलेले, काळवंडलेले, सगळे एकसारखे. घर बिअरच्या वासाने भरून गेलं. सून खिडकी उघडायला उठली नाही. मांडी घालून बसली आणि तिने दोन्ही हात मनगटापर्यंत त्या ढिगात घातले.

घड्याळजींनी जुन्या पेटीतून भिंग काढलं, फुंकर मारून पुसलं, डोळ्याला लावलं आणि तिच्यासमोर बसले. लांब किनाऱ्यावर मुकादमाची शिट्टी वाजली. पाठोपाठ नळाची गुरगुर एकदम वाढली, म्हणजे चारचीही वाट न बघता त्यांनी सुरुवात केली असणार. दोघांपैकी कुणीच तिकडे मान वळवली नाही.

सुनेने ढिगातून पहिला गोळा उचलला. त्याला चिकटलेली वाळू काढायला तिचा हात सवयीने वर गेला.

"झटकू नकोस," घड्याळजी म्हणाले.

"नाही झटकत," ती म्हणाली, आणि तिने नखाने कागदाची कड सोडवायला घेतली.