फिरता कठडा

आता याला काय म्हणावं? सातव्या मजल्याला लोखंडी कठडा, पण तो राहायला नव्हे, मिरवायला! ठेकेदाराची बांधकामं दोन, कठडा एक. तपासनीस ज्या इमारतीत येणार तिथे तो लावायचा, त्याची पाठ वळली की नट खोलून टेम्पोत टाकायचा. धूळफेक करावी तर अशी!

हा कठडा दर खेपेला बसवायचं काम एका वेल्डरचं. त्याचा थोरला भाऊ तिथेच गवंडी. सकाळी ज्या कठड्याला टेकून तो पाणी प्याला, तो दुपारी टेम्पोतून गेला. त्याला सांगायची तसदी कोण घेणार? सवयीने टेकायला गेला तो थेट खाली, वाळूच्या ढिगावर. वाळू होती म्हणून जीव वाचला, कंबर मात्र कायमची गेली. आणि ठेकेदार काय म्हणाला? "बघून टेकायचं ना!" मेल्याची जीभ झडली कशी नाही!

आता भाऊ खाटेवर आणि वहिनी त्याच मजल्यावर, डोक्यावर विटांची पाटी घेऊन. ती कडेने जाताना दिसली की वेल्डरच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पुढच्या खेपेला कठडा परत आला, तेव्हा त्याने नटांना हातच लावला नाही. सगळे खांब स्लॅबमधून वर आलेल्या सळ्यांना वेल्ड करून टाकले.

"भाऊजी, कामावरून काढतील हो," वहिनी म्हणाली.

"मला खुशाल काढू देत. कठडा काढून दाखवा म्हणावं!"

टेम्पो आला. माणसं नट खोलायचे पाने घेऊन वर गेली आणि हात हलवत खाली आली. आजवर उंटावरून शेळ्या हाकणारा ठेकेदार मग स्वतः जिना चढला. धापा टाकत कडेला गेला आणि कठडा धरून गदागदा हलवायला लागला. कठडा हलेल तर शपथ.

"काप हा! उद्या तिकडे तपासनीस येतोय!"

"तिकडे नवा करा. तोही मीच जोडून देतो." वेल्डरने कटर उचललं. "नाहीतर हा कापतो. पण आधी हात सोडा."

ठेकेदाराने खाली वाकून पाहिलं. वाळूचा ढीग केव्हाच संपला होता. त्याच्या मुठी कठड्यावर आणखीच आवळल्या.

"सोडा ना, साहेब," वहिनी पाटी खाली ठेवत म्हणाली. "बघून उभं राहिलं की काही होत नाही."

त्याने हात सोडला नाही. टेम्पो गेला तो वेल्डरला आणि त्याच्या मशीनला घेऊन, तिकडचा नवा कठडा जोडायला.